गाईच्या गळ्यातली शाळेची घंटा

सुट्टी घेणारी माणसं जगात पायलीची पन्नास मिळतील, पण सुट्टी द्यावी कशी हे माझ्या थोरल्या मामांइतकं दुसऱ्या कुणालाच कळलेलं मी पाहिलं नाही. आणि गंमत म्हणजे मामांच्या शाळेत विद्यार्थी एकच होता. तो म्हणजे मी.

ही शाळा भरायची चिंताकी गावात, मामांच्याच पडवीत. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, सरकारी नोकरीत होते. आमचा भाग म्हैसूर राज्यात गेल्यावर त्यांच्या बदल्यांना असा काही ऊत आला की एका गावात माझी शाळा कन्नड, दुसऱ्या गावात मराठी, आणि तिसऱ्या गावी पोचेपर्यंत वर्षच संपलेलं! माझी पाचवी दोनदा झाली आणि सहावी एकदाही नाही. शेवटी आळंदला बदली झाली तेव्हा अण्णांनी हात टेकले. मामा निजामाच्या काळात उर्दू शाळेत मास्तर होते, पुढं नोकरी सोडून शेती करायचे. ते म्हणाले, "दाजी, पोरगी माझ्याकडं ठेवा. घरी शिकवतो, सातवीला बाहेरून बसवतो." अण्णा कबूल झाले, पण अट घालून. पास झाली तर हायस्कूल, नापास झाली तर शिक्षण बंद आणि स्थळं बघायची. मला तेव्हा स्थळापेक्षा साप बरा वाटायचा.

मामांची शिस्त म्हणजे बापरे! पडवीच्या तुळईला बैलाची जुनी पितळी घंटा टांगलेली. ती वाजली की मी ओसरीवरून पडवीत यायचं, म्हणजे अगदी चार पावलं, पण तीही रांगेत. एकटीनं रांगेत कसं यायचं ते मला आजही सांगता येणार नाही, पण मी येत होते खरी. मग हजेरी. मी समोर बसलेली असायची, तरी मामा लांब कुठंतरी बघत माझं नाव पुकारायचे, आणि मी उभं राहून "हाजिर जनाब" म्हटल्याशिवाय मी तिथं आहे हे त्यांना पटायचं नाही. ते उर्दूत मोजायचे, कन्नडात रागवायचे आणि मराठीत लाड करायचे, त्यामुळं कुठली भाषा निघते यावरून आजचं नशीब कळायचं. एकदा गणिताच्या तासाला मामी "अहो, गुळाची ढेप कुठं ठिवलीय?" असं विचारायला आली, तर म्हणाले, "मधल्या सुट्टीत या." मामीनं त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांना बिनगुळाचा चहा दिला. आणि नियम स्वतःलाही लागू बरं का! एकदा दाढी करता करता घंटेला उशीर झाला, तर स्वतःचे कान धरून दाराबाहेर उभे राहिले. "आत येऊ का?" विचारायला लागले. मला वाटलं थट्टा करताहेत, म्हणून मी हसत बसले, आणि बिचारे बराच वेळ तसेच उभे!

असला हा माणूस येळवशीला मात्र पार बदलून जायचा. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला, घरात कुणी थांबत नाही. सगळा गाव रानात. जोंधळ्याच्या ताटांची कोप, म्हणजे खोपी, करायची, त्यात दगडांचे पांडव मांडायचे, आणि मग शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील पोट तुडुंब होईस्तोवर. त्या सकाळी मामा तुळईवरची घंटा काढायचे, तांबड्या गाईच्या गळ्यात बांधायचे आणि तिच्या पाठीवर थाप मारून ओरडायचे, "शाळा बंद!" ती उघडायची थेट रथसप्तमीला. लोकांची येळवस एका दिवसाची, आमची महिनाभराची. पुस्तकं कणगीमागं, पाटी पालथी. आणि कायदा एकच: जो अभ्यासाचं नाव काढील त्यानं टोपलीभर तुरीच्या शेंगा सोलायच्या. मग काय, सकाळी उन्हाला बसायचं, दुपारी हरभऱ्याचे डहाळे, संध्याकाळी आगटी पेटवून हुरडा. मामा कोपीत आडवे होऊन गाईची घंटा कुठं वाजतेय ते ऐकत राहायचे. "ऐक, ऐक. तिलाबी तास चुकवायचाय," म्हणायचे, आणि स्वतःच पोट धरून हसायचे.

मी परीक्षेला बसणार होते त्या वर्षी हुरडा ऐन भरात असताना बांधावरून अण्णा येताना दिसले. कळवलं नाही, सवरलं नाही! माझं तोंड राखेनं काळं, ओच्यात बोरं, आणि माझे गुरुजी कोपीत घोरताहेत.

"मास्तर, हे काय चाललंय? पोरगी परीक्षेला बसायलीय का बोरं विकायला?" अण्णा कडाडले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सतराचा पाढा म्हण."

मी म्हणायला लागले. सतरा त्रिक एक्कावन्नपर्यंत सुखरूप पोचले आणि पुढं नुसता धूर. अगदी काहीच आठवेना. मामा डोळे चोळत बसते झाले होते, मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते शांतपणे कणीस चोळायला लागलेले.

"विसरली!" अण्णा म्हणाले. "उद्याच्या मोटारीनं घेऊन चाललो मी हिला."

"व्हय, विसरली," मामा म्हणाले. "विसरायलाच सुट्टी दिलीय म्या. दाजी, ही जोंधळ्याची रानं पावसाळाभर मोकळी ठेवतो आपण, तवा कुठं असली कणसं येतात."

"रान नापास होत न्हाई, मास्तर."

मामांनी हातातला हुरडा खाली ठेवला. मग म्हणाले, "ही नापास झाली तर माझी सुट्टी बंद. येळवशीला पूजा करीन अन् घरी येईन. मरेस्तोवर." मामीनं आंबिलीचं गाडगं खाली ठेवलं. मामांकडं पैजेवर लावण्यासारखी दुसरी मोलाची चीजच नव्हती, आणि हे अण्णाही जाणून होते. ते काही बोलणार तेवढ्यात मामीनं त्यांच्यापुढं टोपली सरकवली. "दाजी, कामून उभे राहिलात? पाढ्याचं नाव काढलंत न्हवं, आता शेंगा सोला." अण्णा टोपी काढून बसलेच. दिवस मावळेपर्यंत ते 'परीक्षा' इतक्या वेळा म्हणाले की आठवडाभर आम्ही तुरीचे दाणेच खात होतो. सकाळी मोटारीनं गेले ते एकटेच.

रथसप्तमीनंतर मामांनी मला असं काही पिदडलं की सतराचा पाढा मी झोपेतही बरळायची. पास झाले. मामांनी अख्ख्या चिंताकीत गूळ वाटला, मामीला न विचारता. मी औरादला हायस्कुलात गेले.

पुढच्या येळवशीला मला एका दिवसाची सुट्टी मिळाली. धावत रानात गेले तर कोप तयार, भज्जी तयार, आणि मामा बांधावर घंटा मांडीवर घेऊन बसलेले. गाय समोर मोकळीच चरत होती.

"मामा, घंटा बांधली न्हाई?"

"कशाला बांधू?" ते हसले, पण नेहमीसारखे नाहीत. "शाळा भरली तर बंद करू न्हवं? नापास झाली असतीस तर सुट्टी गेली असती. पास झालीस, तरी गेलीच की गं."

मला रडू आलं. मग मी बांधावरून मागं गेले आणि चार पावलं चालत आले, रांगेत. त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. मामांनी घसा खाकरला, घंटा वाजवली, आणि लांब जोंधळ्याच्या पलीकडं बघत माझं नाव पुकारलं.

"हाजिर जनाब."

मामा उठले, घंटा गाईच्या गळ्यात बांधली आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडले, "शाळा बंद!"

ते होते तोवर दर येळवशीला मी ती हजेरी देऊन आले. आता नाव पुकारणारंच कुणी नाही. तरी त्या दिवशी कुठंही असले, आणि लांबून एखाद्या गाईची घंटा ऐकू आली, तर मी हातातलं काम खाली ठेवते.