आमच्या घरची जनता

माझ्या थोरल्या भावाला अख्खी गल्ली ‘जनता’ म्हणते. तो टीव्हीवर बोलायला लागला की त्याच्या गळ्याखाली निळी पट्टी येते आणि तिच्यावर तेवढाच शब्द असतो. त्याचं नाव नाही, दुकानाचं नाही, नुसतं ‘जनता’. सुरुवातीला लोक चेष्टेने विचारायचे, जनता जेवली का, जनतेचं पोट का सुटलंय. पुढे चेष्टा संपली आणि नाव तेवढं राहिलं. मी त्याला दादा म्हणायचे. हल्ली काहीच म्हणत नाही.

त्याचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांना काचा बसवतो, फोटोंना चौकटी करतो, आरसे कापून देतो. हात चांगला आहे, ते मी नाकारणार नाही. बातम्यांच्या एका चॅनेलचं ऑफिस त्याच्या मागच्याच रस्त्यावर आहे. जनतेला काय वाटतं ते दाखवायचं असलं की त्यांची गाडी दादाच्या दुकानासमोर येऊन थांबते. इथेच का, असं मी एकदा त्यांच्या माइकवाल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, इथे गाडी लावायला जागा आहे, छपरामुळे तोंडावर उन्हाचे पट्टे येत नाहीत आणि हॉर्नचा त्रास कमी. म्हणजे रोज संध्याकाळी सगळं शहर तोंडाचा आ करून जे लोकमत ऐकतं, ते पार्किंगची सोय बघून ठरतं.

पूर्वी दादाला मत असं नव्हतंच. गिऱ्हाइकाने विचारलं, ही चौकट शोभेल का, तर म्हणायचा, शोभेल, पण भिंतीचा रंग बघा. आईने विचारलं, पोरगी कशी आहे, तर म्हणाला, चांगली आहे, पण तिला मी आवडलो का ते विचारा. अशाने त्याचं लग्न उशिरा झालं, पण माणसाबरोबर बोलल्यासारखं वाटायचं. त्याचा तो ‘पण’ चॅनेलवाल्यांनी काढून घेतला. पहिल्याच वेळी कॅमेरावाल्याने शिकवलं, ‘काका, पण म्हणू नका, पणच्या पुढचं कोणी ऐकत नाही.’ आणि बाईने दुसरा धडा दिला. तिचा प्रश्न टीव्हीवर ऐकू जाणार नव्हता, म्हणून प्रश्न उत्तरात घेऊन बोलायचं. भाजी महाग झाली का, असं विचारलं तर नुसतं ‘हो’ नाही, ‘भाजी महाग झाली असं मला वाटतं’ असं अख्खं वाक्य द्यायचं. गाढवापुढे गीता वाचली असती तर बरं झालं असतं. याला ती पाठ झाली.

घरी तेच सुरू झालं. वहिनीने विचारलं, मीठ कमी पडलंय का, तर हा कॉलर सरळ करून म्हणायचा, ‘भाजीत मीठ कमी पडलंय असं मला वाटतं.’ वहिनी आधी हसायची, मग चिडायची, मग तिने विचारणंच बंद केलं. लोकांनी मात्र त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. दुकानात निळा शर्ट इस्त्री करून टांगलेला असायचा, जनता कधी व्हावं लागेल याचा नेम नाही म्हणून.

माझा नवरा सरकारी बसवर चालक. गेल्या वर्षी शहराच्या बस एका कंपनीच्या हवाली करायचं घाटत होतं आणि त्याच कंपनीच्या जाहिराती त्याच चॅनेलवर बातम्यांच्या मधे लागायच्या. हाताच्या काकणाला आरसा कशाला? बसचालक माजलेत का, हा प्रश्न तेव्हापासून दर दोन दिवसांनी शहराला पडू लागला. आणि आमची जनता सावलीत उभी राहून सांगायची, ‘बसचालक माजलेत असं मला वाटतं.’ मी त्याच्या दुकानात जाऊन भांडले. तुझा मेहुणा माजलाय का, असं तोंडावर विचारलं. तर म्हणाला, ‘ते मेहुण्यांबद्दल नव्हतं, चालकांबद्दल होतं.’ जसं काही चालक आकाशातून पडतात आणि मेहुणे तेवढे बहिणीच्या घरी राहतात.

मग तो अपघात झाला. उतारावर नवऱ्याच्या बसचा ब्रेक लागेना. खाली सिग्नलला माणसं उभी होती. त्याने गाडी वळवून एका बंद गोदामाच्या भिंतीवर घातली. दोन प्रवाशांना टाके पडले, त्याचा स्वतःचा खांदा मोडला. दुपारपर्यंत चॅनेलवर लाल अक्षरं फिरायला लागली, ‘दारुड्या चालकाचा कहर?’ ते शेवटचं प्रश्नचिन्ह म्हणजे त्यांचा वकील. वाटेल ते म्हणायचं आणि ते आकडेबाज चिन्ह पुढे उभं करायचं. इस्पितळात नवऱ्याचं रक्त तपासायला घेतलं होतं. अहवाल येईपर्यंत त्याला कामावरून दूर केलं. ज्या माणसाला लग्नाच्या पंगतीतही कोणी ग्लास पुढे केला नाही, तो खाटेवर पडून भिंतीवरच्या टीव्हीत स्वतःचा फोटो बघत होता आणि शेजारच्या खाटांवरची माणसं एकदा टीव्हीकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. माझ्याशी तो एकच वाक्य बोलला, गाडी परत देतील ना. बाकी त्याला काही नको होतं.

मी सगळा राग गिळला आणि दादाकडे गेले. म्हटलं, तुझं तोंड ते रोज दाखवतात, त्यातून एकदा माझ्यासाठी बोल. माझे मेहुणे दारूला शिवत नाहीत, एवढंच म्हण. त्याच्याकडून ते वाक्य मी घोकून घेतलं. तो खरोखर कळवळला होता, डोळ्यांत पाणी होतं. निळा शर्ट घातला आणि चॅनेलला स्वतः फोन केला. बाई धावतच आली. आजवर तिच्याकडे जनता होती, आता नातेवाईक मिळाला होता.

मी दुकानात काचांच्या मागे उभी होते. काच वाजते म्हणून हलू नका, असं मला बजावलं होतं. दादा माझं वाक्य नीट बोलला, अगदी घोकल्याप्रमाणे. बाईने मान हलवली, छान म्हणाली आणि सहज पुढचा प्रश्न विचारला.

‘त्या दिवशी तुमचे मेहुणे किती प्यायले होते?’

दादाने कॉलर सरळ केली. ‘त्या दिवशी माझे मेहुणे किती प्यायले होते, हे मला माहीत नाही.’

त्याच्या चेहऱ्यावर पाढा बिनचूक म्हटल्याचं समाधान. आत येऊन मलाच विचारतो, बोललो ना नीट? मी बाईच्या मागे धावले. तिने काच वर केली आणि गाडी निघून गेली.

संध्याकाळी दुसरंच वाक्य लागलं. आमचं गाळलं. याला मात्र कात्री लावायची गरजच पडली नाही, शब्द न् शब्द त्याचाच होता. गळ्याखाली या वेळी ‘जनता’ नव्हतं, ‘चालकाचा मेहुणा’ होतं. दुसऱ्या दिवशीही ते दिवसभर लागत राहिलं. त्याआधी लोक निदान विचारायचे, प्यायला होता का. त्यानंतर फक्त किती एवढंच विचारायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसंही नव्हतं हो. उचलून घेतली त्यांनी, याने भाड्याने दिली आणि भाडंही घेतलं नाही.

अहवाल आला. रक्तात दारूचा थेंब नव्हता. चौकशीत ब्रेकच नादुरुस्त निघाला. मी चॅनेलच्या ऑफिसात गेले, तर एक पोरगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, तो विषय आता जुना झाला. बस आगारातल्या साहेबांनी नवऱ्याला निर्दोष म्हटलं, चहा पाजला आणि चालवायला गाडी दिली नाही. म्हणाले, लोक तुमच्या मागे बसायला घाबरतील, थोडे दिवस बस धुवा. थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. शेजारीण, जिच्यासाठी हा माणूस स्टॉपवर बस थांबवून धरायचा, ती परवा मायेने विचारत होती, ‘आता सुटली का हो त्यांची?’ मी म्हटलं, धरली कधी होती? ती समजूतदारपणे हसली. त्या हसण्याचा मला दारूपेक्षा जास्त वास येतो.

दादा मधे बरेच दिवस आला नाही. मग एका दुपारी आला, हातात सुरेख चौकटीतला आरसा घेऊन. नवरा आगारात बस धूत होता. दादा दारात उभा राहून सांगू लागला, त्यांनी फसवलं, मी तर चांगलंच बोललो होतो. मी त्याला बोलू दिलं. तो थांबल्यावर एकच विचारलं.

‘माझ्या नवऱ्याचं नाव तू घालवलंस, असं तुला वाटतं का?’

त्याने घसा खाकरला. आरसा काखेत धरून कॉलर सरळ केली. माझ्या खांद्यावरून जरा पलीकडे बघत म्हणाला, ‘माझ्या मेहुण्याचं नाव मी घालवलं, असं मला वाटत नाही.’

‘बस,’ मी म्हटलं, ‘घालवलं इथपर्यंत पुरे. पुढचं कापलं.’

‘पण मी...’ तो म्हणाला. कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला.

‘पण चालत नाही,’ मी म्हटलं आणि दार लावलं. आरसा बाहेरच ठेवून तो गेला. मी तो कचऱ्याच्या गाडीत दिला.

आता कोणी विषय काढला की मी सांगते, माझा भाऊ माझ्या दारात उभं राहून स्वतःच्या तोंडाने म्हणाला, माझ्या मेहुण्याचं नाव मी घालवलं. शब्द न् शब्द त्याचाच आहे. लोकांना लगेच पटतं.