एका हाताचा आवाज

आमच्या चाकणच्या कारखान्यातला पॉवर प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय खाली यायचा नाही. हात आत राहू नयेत म्हणूनच ती सोय. पण माल भराभर निघावा म्हणून आमचा सुपरवायझर एका बटणात चकती ठोकून ते कायमचं दाबून ठेवायचा. मग एक हात बटणावर, दुसरा पत्रा सरकवायला. असाच एका दुपारी माझा डावा पंजा मनगटापासून गेला. हाड मोडल्याचा आवाज त्या धडधडाटात मला ऐकूही आला नाही.

कंपनीने मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. सुपरवायझर होता तिथेच राहिला. पुढे सुरक्षा सप्ताहात ताणतणावावर बोलायला एक ध्यानवाले गुरुजी आले. म्हणाले, "झेन साधू शिष्याला एक कोडं घालतात. दोन हातांची टाळी आपण ऐकतो. एका हाताचा आवाज कसा असतो?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गुरुजींना काय माहीत, माझा हात टेबलाखाली होता. मागे सुपरवायझर फिसकन हसला आणि माझं डोकंच फिरलं. त्याच्या कानाखाली काढूनच दाखवावा एका हाताचा आवाज, असं वाटलं.

कोडं मोशीला घरीही आलं. मी भिंतीवर, दारावर, कपाटावर हात आपटायचो. एकदा भरलं ताट भिरकावलं. बायको म्हणाली, "ऐकला आवाज. समद्या सोसायटीनं ऐकला. आता ह्यो भात कोन उचलनार?" मीच उचलला, आणि उचलताना रागाने रडलो.

परवा सकाळच्या शिफ्टला माझ्या जुन्या प्रेसवर लातूरकडचा नवा ऑपरेटर होता. एका बटणात तीच चकती. पत्रा आत अडकलेला, आणि तो उजवा हात बटणावर ठेवूनच डाव्या हाताने पत्रा ओढत होता. "बंद करू नको, ओढ पटकन!" सुपरवायझर त्याच्या कानाशी ओरडत होता.

मी धावलो. हात उगारला तो सुपरवायझरच्या थोबाडासाठीच, देवाशप्पथ. त्याने डोळे मिटून घेतले. पण माझा पंजा त्याच्या शेजारच्या लाल बटणावर दाणकन बसला.

सगळी लाइन थांबली. इतकी शांतता मी त्या जागी कधी ऐकली नव्हती.

ऑपरेटरने डावा हात बाहेर काढला आणि दोन्ही हात पँटला पुसले. "काय झालं, भाऊ?"

"काही नाही," मी म्हणालो. "ऐक."