आधी विचारायला शिकलेले दादा

दादांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. अख्ख्या मशीन-शॉपच्या खडखडाटावर त्यांचा आवाज चढायचा. आमचे चार्जमन होते ते, म्हणजे आम्हा टर्नर लोकांचे वरचे. जन्म जबलपूरचा, पण शिव्या अस्सल नागपुरी.

पासष्टच्या लढाईत आमच्या जबलपूरच्या तोफांच्या कारखान्याकडून माल दुप्पट हवा होता आणि माणसं कमी. तेव्हा सेक्शन झाडणाऱ्या रामरतनला दादांनी लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, उभं केलं. हात असा सफाईदार निघाला की बघत राहावं! पण त्याची जात आडवी आली. त्याच्या पाळीनंतर तोच लेथ घ्यायला कुणी तयार होईना. घेतला तरी हँडल आधी केरोसीननं पुसायचे, तेही त्याच्या डोळ्यांदेखत.

दादा भडकले. सगळ्यांसमोर रामरतनला माठातून पाणी काढायला लावलं आणि स्वतः घटाघटा प्यायले. आम्ही म्हटलं, वा! दुसऱ्या दिवशी कांचघर मोहल्ल्याच्या वाटेवर रामरतनला चौघांनी बदडलं. सुजलेल्या डोळ्यानं तो दादांना म्हणाला, "आपने तो पानी पी लिया, मार हमने खाई. एक बार पूछ तो लेते."

दादांना जेवण जाईना. मला म्हणाले, "काहून नाही विचारलं रे मी त्याले?" मग विचारलं. रामरतनला भाषण नको होतं, लेथ हवा होता. त्या लेथवर त्याच्यानंतरची पाळी दादा स्वतः करू लागले. लोक त्यांच्या डब्याशेजारी बसेनात. वहिनींना हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली, ते मात्र दादांना फार लागलं.

लढाई संपली, जादा पाळ्या बंद झाल्या, आणि शॉपच्या मोठ्या साहेबाचा हुकूम आला: रामरतननं पुन्हा झाडू घ्यावा. रामरतन दादांना म्हणाला, "साहब से बात मैं करूँगा. आप साथ खड़े रहो." तो बोलला, नीट बोलला. साहेबानं मानसुद्धा वर केली नाही. तेव्हा रामरतन वळला. "अब चिल्लाओ, दादा."

"ये लेथ से उतरेगा तो मैं भी उतरूँगा!" दादांचा आवाज ऐकून शॉपमधली मशीनं एकेक करून थांबली. साहेब गडबडला, म्हणाला, "अच्छा, रहने दो इसे."

महिनाभरात दादांची बदली झाली, पार आसामकडे. स्टेशनवर मी आणि रामरतन, दोघंच गेलो होतो. गाडी हलली तसं रामरतनला रडू आवरेना. खिडकीतून दादा ओरडले, "सुबह पाली है तेरी! एक दिन भी चूका तो उतार देंगे. घर जा!"