मागच्या चाकाचा दगड

गाडी गॅरेजसमोर उभी राहिली की मिस्त्री नमस्काराला हात उचलत नसे. गाडीवाला पुरता उतरायच्या आत हा दारातून अर्धा आत शिरायचा, ब्रेकवर पाय ठेवायचा, डोळे मिटायचा आणि पाय हळूहळू खाली जाऊ द्यायचा. तूर शिजली की नाही हे बायका दाणा बोटांत दाबून बघतात ना, तसा. तेवढ्यात गाडीवाला सांगू लागे, "मिस्त्री, चढावर वढ घेऊन न्हाई राहिली."

"चढती कशी ते कोणी विचारलं? थांबती का ते सांगा आधी."

हिंगोलीत स्टँडकडून मोंढ्याकडे जाणाऱ्या उताराच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं आणि त्याला लागून माझं सीट कव्हरचं दुकान. मी शिलाई मशीनवर, तो गाडीखाली. मला तो 'टेलर' म्हणायचा. माझं नाव त्याला शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, कोण जाणे.

गोड बोलणारा माणूस म्हणून त्याची आठवण कोणी काढणार नाही. गिऱ्हाइकाला तो सरळ मूर्ख म्हणायचा. एकदा सेनगावची काळीपिवळी जीप हॉर्न दुरुस्त करायला आली. आत माणसं कोंबलेली, टपावर पोती. याने सवयीने ब्रेक दाबून बघितला आणि किल्ली काढून खिशात टाकली. "उतरा सगळे. ही गाडी आज जाणार न्हाई." लोक शिव्या घालत पायी स्टँडकडे गेले. जीपवाला म्हणाला, "अरे, मी हॉर्नसाठी आलो!" तर हा म्हणतो, "थांबत न्हाई म्हणूनच तुला हॉर्न लागून राहिला."

तो सेनगावकडच्या एका तांड्यावरचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याचे पूर्वज बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत, आणि पुढच्या बैलाला ते चालायच्या आधी थांबायला शिकवत. खरंखोटं त्यालाच ठाऊक. पण ही गोष्ट त्याने इतक्या गिऱ्हाइकांना इतक्या रागाने सांगितली होती की तो बैल मलाही पाठ झाला होता.

आता आमच्याकडची गाडी उभी करायची रीत. तुम्हीही बघितली असेल. गाडी थांबली की डायव्हर खाली उडी मारतो आणि मागच्या चाकाला दगड लावतो. हँडब्रेकच्या दांड्याला उपरणं अडकवतात, पाण्याची पिशवी अडकवतात, देवाला वाहून उरलेला हारही अडकवतात. ओढत मात्र कोणी नाही. जीपचे हँडब्रेक कधीचे निकामी झालेले, आणि दगड फुकट. मग नव्या गाडीलाही दगडच. मिस्त्रीच्या गॅरेजपुढे उतार, त्यामुळे तिथे तर दगडांची रासच पडलेली असायची. त्याच्या हाताखाली आलेल्या प्रत्येक गाडीला तो स्वतः दगड लावायचा. हे लक्षात ठेवा.

हळदीच्या आडतीतल्या एका शेठना त्या दिवसांत हौस आली. हैदराबादहून त्यांनी एक विलायती मोटार आणली. लाल, दोनच दारांची, बसकी, शर्यतीच्या गाडीसारखी. जुनीच होती, पहिल्या मालकाची हौस फिटल्यावर विकलेली. पण इंजिन असं गुरगुरायचं की मोंढ्यातले हमाल पोतं खाली ठेवून बघत राहायचे. मुलाचं लग्न ठरलं होतं आणि नवरदेव याच गाडीतून नवरीच्या गावी, कुरुंद्याकडे, जाणार होता. मला मखमली कव्हर शिवायला सांगितलं आणि मिस्त्रीला ब्रेक बघायला. पळायला वाघ, पण थांबायचं म्हटलं की पाय फळीपर्यंत जायचा, पुढचं तोंड वाकायचं आणि मागची चाकं कोणाचं ऐकतच नसल्यासारखी जायची.

मिस्त्रीने चाक काढलं आणि आत वाकून बघितलं. मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक! आमच्याकडच्या गाड्यांना मागे ड्रमच असायचे. असली चीज त्याने पाहिली नव्हती, आणि पाहिली नाही असं कबूल करायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने ब्रेकचं तेल बदललं, नळ्यांतली हवा काढली. फरक नाही. तेलच भेसळीचं आहे म्हणून तेलवाल्याच्या दुकानात जाऊन असा भांडला की त्या बिचाऱ्याने रडवेला होऊन पोरांच्या शपथा घेतल्या. डिस्कची चकती धरणारे नवे पॅड मागवून घातले. तरीही फरक नाही. मग तो गाडीशीच भांडू लागला. मी आत बसून मखमलीची मापं घेत होतो आणि खालून आवाज येत होता, "काहून धरत न्हाई तू? काय तकलीफ हाये तुला?"

उत्तर शेठच्या डायव्हरने दिलं, न विचारता. एके दुपारी तो गाडी बघायला आला. मिस्त्रीने ती नुकतीच फिरवून आणून उतारावर उभी करून दगड लावला होता. डायव्हरने डिक्की उघडली आणि आतून मऊ पोत्यात बांधलेली एक वस्तू लेकरासारखी उचलून बाहेर काढली. पोतं सोडलं. आत छान गोल घासलेला काळा दगड. मिस्त्रीचा दगड सारून तो त्याने मागच्या चाकाला लावला.

"हे काय?" मिस्त्री म्हणाला.

"विलायती गाडी हाये. रस्त्यावरचा दगड कसा लावावा? शेठनी हा खास आणला."

"हँडब्रेक?"

"त्याला हात लावायचा न्हाई म्हणून शेठनी बजावलंय. तुटला तर कुठं भेटंल?"

मिस्त्री दगडाकडे बघत राहिला. मग चाकाजवळ बसला आणि चाक काढायला लागला. त्या गाडीत मागचा हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक एकाच घरात राहत होते. पॅड झिजले की हँडब्रेकच्या ओढीने आतला पेच थोडा फिरायचा आणि पॅड पुन्हा चकतीजवळ यायचे. हँडब्रेक ओढलाच नाही तर पॅड लांबच राहणार. नवे घातले तरी लांबच. पाय कितीही दाबा, मागची चाकं मोकळी. ओढला नव्हता म्हणून तो पेच आत गंजून बसला होता.

"टेलर," तो म्हणाला, आणि मला वाटलं आता शेठचा उद्धार करणार. पण त्याने स्वतःच्या कपाळावर काळा हात मारून घेतला. "रोज सांजच्याला मीच दगड लावून राहिलो हिला. मीच!" दुसऱ्या दिवशी तो तेलवाल्याकडे गेला आणि दुकानाच्या पायरीवर उभा राहून, जितक्या मोठ्याने भांडला होता तितक्याच मोठ्याने म्हणाला, "तेल बराबर होतं तुमचं." भांडल्यासारखीच माफी. पण मागितली.

डावीकडचा पेच त्याने सोडवला. उजवीकडचा हलेना. नवा सुटा भाग हैदराबादहून यायचा होता, आणि लग्न जवळ आलं होतं. शेठ गाडी न्यायला आले तेव्हा मी तिथेच होतो. माझ्या कानांनी ऐकलं ते सांगतो.

"शेठ, एक बाजू धरते, एक धरत न्हाई. जोरात दाबला की मागचं अंग फिरंल. वरातीत माणसं असतात."

"अरे, हळूहळू तर न्यायची. लोकांना काय सांगू, गाडी गॅरेजात हाये म्हणून?"

"सांगा. लाज वाटली तर माझं नाव सांगा."

किल्ली त्याने दिली नाही. शेठ हसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री जेवायला गेला असताना डायव्हर दुसरी किल्ली घेऊन आला. मी आडवा गेलो, तर म्हणाला, "मामा, मालकाची गाडी हाये, तुमची हाये का?" चाकाचा दगड काढून त्याने पोत्यात बांधला, डिक्कीत ठेवला आणि गेला.

नवरीच्या गावच्या वेशीवर उतार आहे. नवरदेवाच्या मित्रांनी गाडी बँडच्या आधी पुढे आणून दाखवायचं ठरवलं. उतारावर वेग आला, ब्रेक दाबला, मागचं अंग फिरलं आणि बाजूला ढोलाच्या वाद्या आवळत उभ्या असलेल्या ढोलवाल्याला लागलं. मांडीचं हाड मोडलं. गाडीला ओरखडा आला, त्याची हळहळ मोंढ्यात जास्त झाली.

आणि आता मला अजून राग येतो ती गोष्ट. शेठनी आडतीत गादीवर बसून सांगितलं, "मिस्त्रीनं ब्रेक खोलले आन् बिघडवले. आधी बरी चालत होती." बस. एवढं एक वाक्य. गावाला पुरलं. ज्यांना त्याने मूर्ख म्हटलं होतं ते सगळे शहाणे झाले. मी चहाच्या टपरीवर ओरडून ओरडून सांगितलं की मी ऐकलंय, याने किल्ली दिली नव्हती. एक जण म्हणाला, "टेलर, तुमी आपलं कव्हर शिवा." शेठच्या आडतीवर ज्याची हळद जाते त्याला खरं ऐकायची गरजच काय? जीपवाले खालच्या गॅरेजात जाऊ लागले. तिथे ब्रेक कोणी बघत नसे, त्यामुळे कामही लवकर व्हायचं.

मिस्त्री दवाखान्यात ढोलवाल्याला भेटायला निघाला तेव्हा मी बरोबर गेलो. वाटलं, निदान तिथे तरी हा नीट सांगेल. ढोलवाल्याने त्याला ओळखलं आणि खाटेवरून जी तोंडाला येईल ती शिवी दिली. "माझा पाय खाल्ला तू! ढोल गळ्यात घेऊन आता उभा कसा राहू?" जो माणूस कोणासमोर गप्प बसला नाही, तो तिथे खाली मान घालून उभा राहिला. मोसंब्या उशाशी ठेवल्या आणि बाहेर आला.

मी भडकलो. "बोलला काहून न्हाई? यासाठीच तर भांडला होता तू शेठशी!"

"त्याचा पाय दुखून राहिला, टेलर," तो म्हणाला. "त्याला आता पेच कुठं समजावू?"

मला रडू आलं. रागाने आलं असं मी त्याला सांगितलं.

काही महिने त्याने रिकाम्या गॅरेजात काढले. मग एका सकाळी हत्यारांची पेटी घेऊन तो तांड्याकडे निघाला. सेनगावची जीप आमच्या उतारावर थांबली. डायव्हरने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. मिस्त्रीने पेटी टपावर दिलीच नाही. ती उघडली, पान्हा काढला आणि जीपखाली शिरला. आतली माणसं ओरडायला लागली. डायव्हर म्हणाला, "मिस्त्री, टाइम होऊन राहिला!" खालून नुसता पान्ह्याचा आवाज. मी मशीन सोडून रस्त्यावर आलो.

तो बाहेर आला, हात पँटला पुसले, आत वाकून हँडब्रेकच्या दांड्यावरचं उपरणं काढून डायव्हरच्या खांद्यावर टाकलं आणि दांडा करकचून ओढला. मग मागे जाऊन पायाने दगड बाजूला सारला.

आतल्या बायका एकदम ओरडल्या. एक म्हातारा दार उघडून उतरायलाच निघाला. भरलेली जीप त्या उतारावर होती तिथेच उभी राहिली.

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. "बघा, टेलर," तो म्हणाला. "थांबती."

मग पेटी उचलून तो मागच्या फळकुटावर, पाय बाहेर सोडून बसला.