धर्माजीची उजवी टाच

माथेरानात हातरिक्षाला तीन माणसं लागतात. एक पुढे दांड्यांत, दोघं मागून रेटायला. धर्माजी बावीस वर्षं मागेच होता. चढाला रेटायचं, उताराला टाचा रोवून गाडी धरायची, तेही तांबड्या धुळीत अनवाणी. गेल्या थंडीपासून उजवी टाच दुखायला लागली. दिवसभर कसंबसं निभायचं, पण सकाळी अंथरुणातून उठून टेकवलेलं पहिलं पाऊल म्हणजे काच रुतावी तसं. भिंत धरून तो उभा राही, आणि त्याची बायको पारूबाई चुलीकडे तोंड करून बसे, आपण पाहिलं नाही असं त्याला वाटावं म्हणून.

विठूने मात्र पाहिलं होतं. गाडी विठूची, पुढे दांड्यांतही तोच.

"धर्माजी, सकाळची पयली खेप तुज्यामुळं चुकतीय रं. माजा मेवणा कळंबवरनं येऊन बसलाय. आठ दिस बघतो."

ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी शरयूबाई विठूच्या गाडीतून हॉटेलवर आल्या. मुंबईच्या इस्पितळात आजाऱ्यांकडून हातापायांचे व्यायाम करून घेणं हे त्यांचं काम. धर्माजीचं लंगडणं पाहून त्यांनी त्याला पायरीवरच बसवलं, टाच दाबून बघितली. मग सांगितलं, उठण्याआधी पंचा पावलाला अडकवून बोटं आपल्याकडे ओढायची. संध्याकाळी सोड्याची रिकामी बाटली तळव्याखाली फिरवायची. आणि भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, पोटरी ताणायची, तीस आकडे होईस्तोवर.

पंचा आणि बाटली त्याने इमानाने केली. "भरलेली आणली असती तर मी दारूचा संशय तरी घेतला असता," पारूबाई म्हणाली. भिंतीचं मात्र त्याने सोडून दिलं. दिवसभर हात टेकून रेटतोच की आपण. घरी येऊन आणिक भिंत कशाला रेटायची?

पाच दिवस गेले. टाच तशीच. सहाव्या दिवशी शरयूबाई फिरायला निघाल्या आणि चढावर गाडीच्या मागोमाग चालू लागल्या.

"भिंतीचा व्यायाम करता ना?"

"ह्यो काय, दिवसभर त्योच करतो, बाई."

"थांबा. तुमची टाच कुठे आहे बघा."

त्याने मान वळवली. टाच हवेत होती. बावीस वर्षं तो चवड्यांवरच रेटत आला होता. बाईंनी त्याला जांभळीच्या बुंध्याला हात टेकायला लावले. गुडघा सरळ, टाच जमिनीला. पोटरी अशी ओढली गेली की दहाच्या पुढे त्याला मोजवेना.

"असं किती दिस?"

"दोन महिने तरी. आणि तोवर गाडी रेटायची नाही."

विठू दांड्या धरून ऐकत होता. आठातले उरलेले दोन दिवस दात आवळून काढता आले असते. पण दुखण्यापेक्षा ते लपवण्याचाच धर्माजीला शीण आला होता.

"विठू, उद्यापासनं मेवण्याला घे. पावसाळा सरला की दसऱ्याला माजी जागा मला दे."

"आन पाय बरा नाय झाला तर?"

"तर नको देऊस."

विठूने टॉवेलाने मान पुसली. "दसऱ्याला ये. बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माजी भिंतीला हात टेकून उभा होता, तेव्हा गाडी पहिल्या खेपेला दस्तुरी नाक्याकडे निघाल्याचा खडखडाट आला. मागच्या एकाची पावलं अजून जुळत नव्हती. ते ऐकता ऐकता सतराला आकडा चुकला. त्याने टाच पुन्हा जमिनीला दाबली आणि एकपासून मोजायला लागला.