आधी हात बघायचा

फौजदार सरांचा कुणावरच विश्वास नव्हता. पोलीस खात्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. कळंबच्या बाजारात खता-बियाणांच्या दुकानावरच्या माडीत ते ॲनिमेशनचा क्लास चालवायचे. फौजदार हे नाव आम्ही पोरापोरींनी ठेवलेलं. स्क्रीनवरचं चित्र कितीही झकास हलू-चालू दे, सर शाबासकी द्यायच्या आधी खुर्ची ओढून शेजारी बसायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि शांतपणे विचारायचे, "कुठनं उचललंस?" खालून खताचा वास, वरून हा प्रश्न. पहिल्या महिन्यात निम्मी पोरं क्लास सोडून गेली.

त्यांची तपासायची पद्धत ठरलेली होती. चेहरा, रंग, मागचं घर, झाड यातलं काही ते बघायचे नाहीत. "आधी हात बघायचा," म्हणायचे, "तोंड कुणीबी गोड काढतंय." नेटवरचं चित्र ढापणारा माणूस ते ओळखू येऊ नये म्हणून आरशातल्यासारखं उलटं करतो. एक बटण दाबलं की काम झालं. पण मग चित्रातला बाप डाव्या हातानं जेवायला लागतो, शर्टाचा खिसा उजवीकडं जातो, बाईचा पदर भलत्याच खांद्यावर येतो. एकानं लग्नाच्या आमंत्रणाचा व्हिडिओ केला होता, सनई-चौघडा, फुलांचा पाऊस, सगळं. त्यातली सुवासिनी डाव्या हातानं कुंकू लावत होती. सरांनी सगळ्यांसमोर तो व्हिडिओ त्याच्याच हातानं पुसायला लावला.

आता असा माणूस म्हटल्यावर लोकही त्याच्यावर संशय घेणारच की. सर हैदराबादला मोठ्या कंपनीत कार्टूनं हलवायचे म्हणे, मग सगळं सोडून इकडं का आले? कुणी म्हणायचं, तिथं भानगड केली. कुणी म्हणायचं, त्यांनी काढलेलं चित्र दुसऱ्यानंच उलटं करून आपल्या नावावर खपवलं, तेव्हापासून डोकं फिरलं. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. मलाही ते संशयास्पदच वाटायचे. त्यांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचं तोंड भिंतीकडं असायचं आणि कुणी जवळ गेलं की ते झटकन स्क्रीन बंद करायचे. ते त्यावर काय करायचे, ते मला अजूनही कळलेलं नाही.

माझे वडील तर पहिले तीन-चार दिवस क्लासच्या जिन्यात बसून होते. आम्ही ईट गावचे. क्लाससाठी मी कळंबला आत्याकडं राहत होते, आणि चित्रं हलवून पोट भरतं यावर वडिलांचा मुळीच भरवसा नव्हता. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की क्लास संपेपर्यंत काही हाताला लागलं तर ठीक, नाहीतर चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं. मला जन्मभर दुसऱ्यांच्या आधार कार्डाच्या प्रती काढत बसायचं नव्हतं.

क्लास संपत आला तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीकडून सरांना विचारणा झाली. लहान मुलांसाठी मोबाइल ॲप करणारी कंपनी होती आणि त्यांना घरातली कामं दाखवणारी छोटी हलती चित्रं हवी होती. सर एकाच विद्यार्थ्याचं काम पाठवणार होते; ते पसंत पडलं तर पुण्यात नोकरी. मी आत्याला काढलं. भाकरी थापताना. पीठ मळणं, गोळा करणं, परातीत तो थापत थापत गोल फिरवणं, बांगड्या मनगटावर मागं सारणं, एकेक हालचाल तिच्यासमोर बसून बघितली आणि काढली. चित्र चालू केलं तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं.

सर खुर्ची ओढून बसले. चष्मा कपाळावर गेला. भाकरी तीनदा फिरवून बघितली आणि म्हणाले, "डावा हात."

मी म्हटलं, आत्या डावखुरी आहे. ते हसले. पकडले गेलेले सगळे असंच काहीतरी सांगतात, असं त्यांचं हसणं होतं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. चित्र उलटं केलं असतं तर पदरही उजव्या खांद्यावर गेला असता. तो तर डाव्याच खांद्यावर आहे. मी हे सांगितल्यावर सर पुढं वाकून बघू लागले. मला वाटलं, सुटले. कसलं काय.

"पदर बरोबर हाय," सर म्हणाले, "म्हंजे उलटं केल्यावर पदर तेवढा दुरुस्त केलास. तू हुशार हायस, म्हणूनच भ्या वाटतंय."

डोळ्यांत पाणी आलं, पण रडण्यापेक्षा राग जास्त होता. हा माणूस मला चोर म्हणत होता आणि त्याच्या एका शब्दावर माझं पुणं अडलं होतं. मी तावातावानं म्हटलं, उद्या आत्यालाच आणते. ते म्हणाले, आण.

खरी अडचण घरी होती. आत्या चार लोकांत कधी डावा हात वापरायची नाही. लहानपणी त्या हातावर आईचा मार खाल्लेला, सासरी आल्यावर सासूनं पहिल्याच दिवशी, या हातानं वाढायचं नाही, असं बजावलेलं. हळदी-कुंकवाला गेली की ती उजव्या हातानं जपून जपून सगळं करायची. डावा हात फक्त तिच्या चुलीपुढं मोकळा असायचा. मी तिला क्लासमध्ये बोलावलं तेव्हा तिनं डावा हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "तुझं काम हुणार असंल तर येते."

दुसऱ्या दिवशी ती डब्यात ज्वारीचं पीठ, तांब्या आणि परात घेऊन माडी चढली. पोरं कॉम्प्युटर सोडून गोळा झाली. आत्यानं पदर खोचला, पीठ मळलं, गोळा केला, आणि समोर परका पुरुष बघून उजव्या हातानं थापायला लागली. सरांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जमिनीनं पोटात घ्यावं. पण त्या हाताला भाकरीची सवयच नव्हती. भाकरी एका बाजूला जाड झाली, मधोमध चिरली, आणि आत्याचं तोंड उतरलं.

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "आत्या, इथं कुणी सासू न्हाय. तुझ्या हातानं कर."

तिनं चिरलेली भाकरी मोडून पीठ पुन्हा मळलं. मान खाली घातली आणि डावा हात पुढं केला. मग भाकरी अशी सरसर फिरली की बांगड्यांच्या आवाजाशिवाय माडीत काही ऐकू येईना. सर जमिनीवर बसून बघत होते. एकदा माझ्या स्क्रीनकडं, एकदा परातीकडं. भाकरी पूर्ण झाली तेव्हा त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, "चोरी सापडली न्हाय." माफी वगैरे काही मागितली नाही. आत्याला मात्र हात जोडले, आणि म्हणाले, "ताई, इतका चांगला हात लपवून कशाला ठेवता?" आत्या कितीतरी वेळ परातच पुसत राहिली.

पुढं सरांनी माझं चित्र पाठवलं, तर पुण्याच्या लोकांनीही तेच केलं. फोनवर मला विचारलं, तालुक्याच्या क्लासमधलं हे काम तुमचंच कशावरून? मी काही बोलायच्या आत सरांनी फोन घेतला. "मी कुणाची हमी घेत न्हाय," ते म्हणाले, "माझा माझ्यावर विश्वास न्हाय. पण ह्या पोरीची चौकशी मी स्वतः केली. चित्रातल्या बाईला माडीवर बसवून भाकरी थापायला लावली. हात तिचाच हाय." मला नोकरी मिळाली, आणि वडिलांनी झेरॉक्सचा विषय पुन्हा काढला नाही.

आता माझ्या हाताखाली नवी मुलं आहेत. मशीनला सांगून चुटकीसरशी चित्रं करून आणतात. मी आधी हात बघते. चित्रातल्या एखाद्याला सहावं बोट फुटलेलं असतं, तेव्हा फौजदार सरांची खूप आठवण येते.

गेल्या उन्हाळ्यात क्लासच्या जुन्या ग्रुपवर सरांच्या श्रद्धांजलीचा बॅनर आला. मी सवयीनं आधी हात बघितला, मग खिसा. पेन लावलेला खिसा उजवीकडं होता. फोटो उलटा होता. खोटं का बोलू, क्षणभर मला केवढा आनंद झाला. वाटलं, चित्र खोटं आहे म्हणजे बातमीही खोटी असेल. मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "खरं हाय, बाई."

बॅनर करणाऱ्याला फोन करून मी फोटो सरळ करून घेतला. मग कळंब गाठलं. माडीवर सरांचा फोटो टेबलावर ठेवला होता, खिसा डावीकडं, चष्मा कपाळावर. बाया-माणसं एकेक फूल वाहून पुढं सरकत होती. आत्याची पाळी आली. तिनं भरल्या माडीत, सगळ्यांदेखत, डाव्या हातानं फूल वाहिलं. मागं कुणीतरी कुजबुजलं. आत्यानं मान वळवली नाही.

"ह्यांनी ह्योच हात बघितलाय," ती म्हणाली.