देवीदासचं आभार प्रदर्शन

देवीदास मेश्रामच्या हाती माइक दिला की जेवणं गार होणार, हे सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ठाऊक होतं. रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून वेल्डर म्हणून निवृत्त झालेला हा गडी स्वतःवर असा काही खूश, की विचारू नका! आरशासमोर भांग पाडायलाच त्याला नवरदेवाएवढा वेळ लागायचा.

तरी चौदा एप्रिलला बुद्धविहारात आभार प्रदर्शन त्याच्याकडेच गेलं. ज्येष्ठ माणूस, नाही कसं म्हणणार? मंडपवाल्याचे आभार मानता मानता स्वारी घसरली स्वतःवर. विहाराचं लोखंडी गेट मी बनवलं, एकट्यानं बनवलं, कुठं गंज दिसतो का बघा! कॅनडाहून सुट्टीवर आलेला त्याचा मुलगा यशदीप शरमेनं लाल झाला. उठला आणि त्यानं बापाच्या हातातला माइक काढून घेतला. लोक पोट धरून हसले.

त्या दिवसापासून देवीदासनं तोंड मिटलं. बायकोला, शेवंताला, आधी बरंच वाटलं. जन्मभर ‘मी’ आणि ‘मी’ ऐकून तिचे कान किटले होते. पण यशदीप परत गेला तरी ह्या माणसाचं बोलणं काही परत येईना. ताटातली पोळी ताटातच. तेलीबांध्याच्या तलावावर मित्रांबरोबर फिरणं बंद. भांगसुद्धा पाडेना! समता कॉलनीतल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, सगळं ठीक आहे. कसलं डोंबलाचं ठीक! आपला माणूस डोळ्यांदेखत विझत चाललाय, हे शेवंताला दिसत होतं.

पाऊसकाळ सरता सरता एका सकाळी यशदीपचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा पडलेला. वरच्या जागेसाठी मुलाखत दिली होती, ती हातची गेली. तुम्ही स्वतः काय केलंत, असं विचारलं की हा आपला सांगायचा, सगळ्यांनी मिळून केलं, वरिष्ठांची कृपा. तिथल्या लोकांना वाटलं, ह्यानं काहीच केलेलं नाही. आता आणखी एक मुलाखत होती, आणि ती गेली की तिथली नोकरीही टिकण्यातली नव्हती.

“बाबा, मुझसे ‘मैं’ बोला ही नहीं जाता,” हिंदी मुलखात वाढलेला तो म्हणाला. “आप सिखाओ ना.”

शेवंताला हसावं की रडावं कळेना. इथं ‘मी’ म्हटलं म्हणून माइक हिसकावतात आणि तिथं म्हटलं नाही म्हणून माणसाला मागं टाकतात. काय एकेक देश!

देवीदास आधी मानेनंच नाही म्हणाला. मग पोराचा उतरलेला चेहरा पाहून राहवेना. खाकरला, ताठ बसला. जे हातानं केलं ते सांगायला लाज कशाची, म्हणाला, आणि उदाहरण दिलं अर्थात गेटचं. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली. शेवंताला इतकं बरं वाटलं की चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही.

पण ‘एकट्यानं’ हा शब्द आला आणि ती थांबली. गॅस बंद करून बाहेर आली, बांगड्या वर सारल्या आणि मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग नवऱ्यापुढे धरला.

“मंग हे काहून झालं? उन्हात सळया धरून कोण उभं होतं?”

आवाज चढवला नव्हता तिनं. देवीदास डागाकडे बघत राहिला. मग देवीदास हळूच पोराला म्हणाला, “तू जे केलं ते तुयं म्हणून सांग. पन माह्यासारखं दुसऱ्याचं गिळू नको.”

यशदीपची मुलाखत चांगली झाली, जागाही मिळाली. देवीदास पुन्हा भांग पाडू लागला. धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम जवळ आला, तशी शेवंता विहार समितीतल्या चेतनाकडे गेली आणि आभार प्रदर्शन ह्यांनाच द्या म्हणून अडून बसली. चेतनानं कपाळाला हात लावला, पण ‘हव दीदी’ म्हणत होकार दिला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी देवीदासनं माइक हातात घेतला. शेवंताचा जीव खालीवर. आता लोक हसले तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही.

“हे गेट म्या बनवलं,” तो म्हणाला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. “पन सळया शेवंतानं धरल्या. तिचा हात भाजला, तरी तिनं सळई सोडली नाही. हे म्या आजवर कोनाले सांगितलं नाही. पयले आभार तिचे.”

बायका वळून शेवंताकडे बघू लागल्या. शेवंताचे डोळे भरून आले. देवीदास मग मंडपवाल्यावर आला आणि तिथून, सवयीप्रमाणे, पुन्हा स्वतःवर. जेवणं गार व्हायला लागली. माइक कुणी काढून घेतला नाही.

शेजारी बसलेल्या मीनलनं शेवंताला विचारलं, कुठं भाजलं होतं, काकू? शेवंतानं बांगड्या वर सारल्या, मनगट पुढं केलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली. लोखंड किती तापलं होतं, ऊन कसं होतं, आणि दुसरी कुणी असती तर कशी पळाली असती. मीनलचा पाय अवघडला तरी तिचं सांगणं काही संपेना.